सही घेण्याआधी आईशी बोलायचं कसं? (दिव्यांग मुलं आणि आपल्या मराठी शाळा : खानापूर, बेळगाव, निपाणी)

घाटवाट | ९ जून, रात्री ९:२०

नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, पोरं १९.

यंदा तिसरीत एक मुलगा नव्याने आलाय. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. हात धरला की चालतो. बोलतो, पण मला त्यातलं काही कळत नाही. इतके दिवस आजोळी होता. वडील गोव्यात कामाला, आई दुसऱ्यांच्या शेतात जाते.

ऑफिसने त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा भरून मागितलाय. फॉर्म कन्नडमध्ये आहे. मला कन्नड येतं, त्यामुळे बसले तर अर्ध्या तासात होईल. पण 'मुलाची बलस्थानं' आणि 'मुलाच्या गरजा' या दोन रकान्यांपाशी दोन दिवस अडून बसलेय. दहा दिवसांत मला त्याच्याबद्दल कळलंय ते एवढंच : दुपारच्या जेवणात तो निम्मा भात ताटात तसाच ठेवतो, आणि वर्गात मध्येच डावा हात वर करतो. काय रे, म्हणून विचारलं तर बोलत नाही. मग मी हात खाली घ्यायला सांगते.

आईला दोनदा निरोप धाडला, ती आली नाही. हेडमास्तर म्हणाले, 'पालक सहकार्य करत नाहीत' असं लिहा आणि मोकळ्या व्हा. मला ते लिहवत नाही.

पालकांना विचारते : शाळेनं पहिल्यांदा तुम्हाला काय विचारायला हवं होतं? आणि शिक्षकहो, तुम्ही सुरुवात कुठून केलीत?

कडोलीकर | ९ जून, रात्री १०:०५

बाई, पेरणीचे दिवस. सकाळी आठला शेतात गेलेली बाई दिवस मावळल्यावर घरी येते. तुमची मीटिंग दुपारी तीनला. एक दिवस बुडला तर त्या दिवसाचा पगार बुडतो. तुम्हीच जा संध्याकाळी. जाताना फॉर्म नेऊ नका.

निपाणीची माय | १० जून, दुपारी २:४०

फॉर्म नेऊ नका म्हणालात ते अगदी बरोबर. का ते सांगते.

माझी लेक आता अकरा वर्षांची. चालता येत नाही, बोलणं घरच्यांना कळतं, संडास-लघवीला दुसऱ्याचा हात लागतो. दुसरीपर्यंत मी रोज कडेवर घेऊन शाळेत सोडायची. मधल्या सुट्टीत जाऊन लघवीला न्यायची. मी विड्या वळते, घरीच असते, त्यामुळे जमायचं.

तिसरीत नव्या शाळेत नाव घातलं. पहिला प्रश्न, कार्ड कुठंय? यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं कार्ड दिलं. तिचं निळं आहे. निळं म्हणजे अपंगत्व ८० टक्के किंवा त्याच्या वर, पिवळं ४० ते ८० च्या आतलं, त्याच्या खाली पांढरं. निळं कार्ड बघितलं आणि त्यांनी पोरीकडं बघितलंच नाही. ती त्या दिवशी नवी रिबन बांधून आलेली, सगळ्यांना 'नमत्ते, नमत्ते' म्हणत होती.

महिन्याभरानं मला बोलावून एक कागद पुढं ठेवला. कन्नडमधला. मला कन्नड ऐकून थोडं कळतं, वाचता येत नाही. 'सही करा, तुमच्या मुलीला सवलत मिळते' म्हणाले. मला वाटलं, व्हीलचेअर येणार. मी सही केली. बाहेर येऊन देवाला हात जोडले.

त्या कागदावर लिहिलं होतं की पालकांच्या इच्छेनं मुलीला घरीच शिक्षण द्यावं. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, आता रोज आणायची गरज नाही, टीचर घरी येतील. टीचर यायच्या, कधी आठवड्यातनं एकदा, कधी महिन्यातनं एकदा. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांना काही बोलणार नाही, त्यांच्याकडं मुलंच तितकी होती. पण माझी पोरगी रोज सकाळी दप्तर मांडीवर घेऊन दारात बसायची. शाळेची बाकीची पोरं आमच्याच दारावरनं जातात. चौदा महिने असं चाललं.

शेवटी माझ्या जावेच्या मुलीनं तो कागद वाचून दाखवला. ती कॉलेजला आहे, कन्नड येतं. तिनं वाचताना मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पुढं भांडले, रडले, परत शाळेत घातलं. आता पाचवीत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला एवढंच विचारायला पाहिजे होतं, 'तुमच्या मनात काय आहे?' मी सांगितलं असतं, तिला पोरांत बसू दे.

फिरती शिक्षिका | १० जून, रात्री ११:१५

निपाणीच्या ताई, मी बीआयईआरटी आहे, म्हणजे बीआरसीतून (तालुक्याच्या शिक्षण साधन केंद्रातून) शाळाशाळांत आणि घरोघरी फिरणारी विशेष शिक्षिका. तुमच्या तालुक्यातली नाही. तरीही आमच्या खात्याच्या वतीनं तुमची माफी मागते. असे कागद मी पाहिलेत. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं असले कागद मीही पुढे पाठवलेत, आईला वाचून न दाखवता. ते मनातून जात नाही.

सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहिते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा *हक्क* मिळाला. हक्क मुलाचा आहे. शाळेला जड जातंय म्हणून मुलाला घरी पाठवण्याची मुभा त्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३१ वं कलमही तेच सांगतं : ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, आणि तेही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, *त्याच्या पसंतीनं*. म्हणजे घरचं शिक्षण घेतलेल्या मुलाला परत शाळेत यायचं असेल तर दार उघडंच असायला हवं.

घाटवाट बाई, आराखड्याबद्दल. मी आधी आईला 'मुलाची बलस्थानं काय' असं विचारायची. कुठलीही आई गप्पच बसते. आता मी सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारते. उठल्यावर कोण हाक मारतं? तहान लागली हे कसं सांगतो? कुणाजवळ बसून जेवतो? आवडीचं काय दिसलं की हसतो? चिडला तर शांत कोण करतं, कसं करतं? एवढ्या बोलण्यात दोन्ही रकाने भरतात. आई आठ-दहा वर्षं त्या मुलाची भाषा शिकलेली असते. आपण जूनमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो.

नंतर मी एका पानावर मराठीत लिहिते, आईसमोर. तीन गोष्टी, जास्त नाहीत. दोन शाळेच्या आणि एक आईची. आईची गोष्ट बहुतेक वेळा आपल्या डोक्यातही नसते. एका आईनं सांगितलं, याला चड्डीचं बटण लावता आलं पाहिजे, कारण मोठा भाऊ आता लाजतो लावायला. आम्ही वर्षभर बटणावर काम केलं, जुन्या शर्टाची पट्टी बाकाला बांधून. त्यातनंच त्याची पेन्सिलची पकडही सुधारली. मराठी पान आईकडे राहतं. मग त्यावरून कन्नड फॉर्म भरायचा आणि सही घेण्याआधी ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवायची. वेळ जातो. माझ्याकडच्या मुलांची संख्या बघितली तर सगळ्यांसाठी एवढा वेळ देणं मला जमतच नाही, हेही खरं. वर्गशिक्षकानं पहिली भेट घेतली तर माझं निम्मं काम होतं.

विणकर_वडगाव | ११ जून, सकाळी ७:१०

आमची चूक सांगतो. आमच्या पोराला फिट्स येतात. शाळेत घालताना सांगितलं नाही. घेतील की नाही ही भीती, आणि भावकीत कळलं तर पुढं लग्नकार्यात बोलतात.

पहिलीत असताना वर्गात फिट आली. बाई घाबरल्या, कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणीतरी तोंडात चमचा घातला. ओठ फाटला. मी माग सोडून धावत गेलो तेव्हा तो शुद्धीवर आला होता आणि सगळा वर्ग भिंतीला टेकून उभा होता. बाईंचे हात थरथरत होते. मला म्हणाल्या, 'मला आधी सांगायचं नाही का ओ?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यानं मी रडलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको जाऊन बसलो. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं होतं ते सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी ते मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं : घड्याळ बघा. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. आणि माझा नंबर. कपाटाच्या आतल्या बाजूला का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचू नये म्हणून. हे त्यांना आपणहून सुचलं. आम्ही मागितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही त्यांच्यापासून काही लपवलं नाही. गोळी बदलली की चिठ्ठी जाते. गोळी बदलल्यावर पोरगं पेंगतं, ते आळशी नाही हे बाईंना ठाऊक असतं.

येळ्ळूर_शिवार | १३ जून, रात्री ८:३०

माझं दुखणं भाषेचं आहे. धागा भरकटवत असेन तर क्षमा करा, पण आपल्या भागात हा विषय त्याशिवाय पुरा होत नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व. चार वर्षांचा असताना एका ठिकाणी स्पीच थेरपीला न्यायचो. तिथं सांगितलं, घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड यानं पोराचा गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा, आणि राहणार कर्नाटकात तर कन्नडच ठेवा. आम्ही दोघं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याच्याशी बोलायला लागलो. माझ्या आईला कन्नडचा एक शब्द येत नाही. ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. आधी मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, ओव्या म्हणायची. मग नुसतं डोक्यावरनं हात फिरवायची आणि उठून जायची. दीड वर्ष.

पोराचं बोलणं वाढलं नाही, होतं ते कमी झालं. शाळेत घातल्यावर पहिलीच्या बाईंनी विचारलं, हा घरी आजीशी काय बोलतो? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आज घरी जाऊन आजींना सांगा, नातवाशी बोला म्हणावं. आई त्या रात्री झोपली नाही, बोलतच होती त्याच्याशी.

आता तिसरीत आहे. मराठी अक्षरं ओळखतो. कन्नड लिपी आणि एबीसीडी सुरू झाली की कानावर हात ठेवतो. यातनं सुटका आहे का?

फिरती शिक्षिका | १३ जून, रात्री १०:५०

दादा, धागा भरकटलेला नाही. दोन भाषा कानावर पडल्यानं मुलाचं बोलणं खुंटतं, याला आधार नाही. डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांवरही याचा अभ्यास झालाय, दोन भाषांच्या घरात वाढल्यानं त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. आजीची भाषा तोडल्यानं मात्र बोलायला माणूसच उरत नाही. कुणीही पुन्हा असा सल्ला दिला तर ऐकू नका.

सुटकेबद्दल. २०१६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करायचे : जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. इथं कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्या शाळांत प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून सक्तीची आहे, म्हणून बऱ्याच हेडमास्तरांना वाटतं की मराठी शाळेत सूट देताच येत नाही. दिव्यांग मुलासाठी मागता येते. प्रमाणपत्रासह अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीला जाग येऊन उपयोग नाही, आधीच्या वर्षांपासून शाळेच्या कागदांवर नोंद असू द्या.

अनगोळचा_बाप | १४ जून, सकाळी ९:००

एक विनंती. सूट घ्यायची घाई करू नका.

माझ्या मुलाला डाव्या कानाला अजिबात ऐकू येत नाही, उजव्याला कमी. आठवीत शाळेनंच सुचवलं, कन्नडमधून सूट घेऊया, ताण कमी होईल. आम्ही हो म्हटलं. मुलाला कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. आज तो वीस वर्षांचा आहे. गॅरेजात काम शोधायला गेला, पंचायतीत अर्ज भरायला गेला, बँकेत गेला, प्रत्येक ठिकाणी कन्नड. मला म्हणतो, बाबा, मला जमलं असतं, तुम्ही काढून घेतलंत.

आपलं प्रेम मराठीवर आहे, माझंही आहे. पण पोराला इथंच जगायचंय.

येळ्ळूर_शिवार | १४ जून, दुपारी १:२०

तुमचं वाचून दोन तास काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात नुसती सुटका होती.

फिरती शिक्षिका | १४ जून, रात्री ९:४५

अनगोळचे दादा म्हणतात ते मी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत सांगणार आहे. परीक्षेतून सूट म्हणजे भाषेतून हकालपट्टी होता कामा नये. लिहायला जमत नसेल तर बोलायला, ऐकायला शिकवा. बसची पाटी, दुकानातला हिशेब, 'नीरु बेकु' (पाणी हवं), 'नन्न हेसरु' (माझं नाव) एवढं तरी. येळ्ळूरच्या दादांच्या मुलाला लिपी झेपत नसेल, पण शेजारच्या कन्नड पोरांत खेळायला आवडत असेल तर तेच त्याचं कन्नड. आणि निर्णय घेताना मुलाला त्याच्या परीनं विचारायलाच हवं. मीसुद्धा आईला विचारते, बापाला विचारते आणि मुलाला विसरते.

कणकुंबी_पाऊस | २ जुलै, संध्याकाळी ६:१५

उशिरा आले. मुलीला श्रवणयंत्र आहे. आमच्याकडच्या पावसात कपाटातल्या चादरीसुद्धा ओल धरतात, यंत्राचं काय घेऊन बसलात. दर जुलैत बिघडायचं. शाळेतनं तक्रार, मुलगी लक्ष देत नाही. घरात आम्हाला कळायचं नाही, कारण घरात आम्ही तोंडासमोर तोंड आणून हातवारे करून बोलतो.

मागच्या वर्षी बाईंनी स्वतः विचारलं, हे बंद पडलंय की चालू, मला कसं कळणार? त्यांना दाखवलं. तळहातात घेऊन मूठ मिटली की चालू यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी नाही म्हणजे सेल गेला किंवा ओल शिरली. आता बाई रोज हजेरीआधी बघतात. टेबलाच्या खणात एक जादा सेल असतो. रात्री मी यंत्रातला सेल काढून यंत्र झाकणाच्या डब्यात ठेवते, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या. बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच पांढऱ्या. यंदा अजून तक्रार नाही.

कडोलीकर | ३ जुलै, रात्री ९:३०

एक राहून गेलं. आपापल्या शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीत, दिव्यांग मुलाचा पालक आहे का बघा. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि त्यांत वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायची असं शिक्षण हक्क कायद्याचं २१ वं कलम सांगतं. २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल त्या गटात मोडतं. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी अशी एक आई समितीत आली. शाळेला रॅम्प होता, पण रॅम्पच्या तोंडाशी पायरी होती. आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती पहिल्याच बैठकीत बोलली.

घाटवाट | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

जूनपासून सगळं वाचतेय. आता लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

कडोलीकरांचं ऐकून १५ जूनला संध्याकाळी साडेसातला गेले. फॉर्म नेला नाही. आई चुलीपुढे होती. मला बघून आधी पदर सावरला आणि म्हणाली, 'काय केलं ओ बाई यानं?' शाळेतून माणूस आलं म्हणजे तक्रारच, असंच तिला वाटलं. मी म्हटलं, काही केलं नाही, मला तो कळत नाही म्हणून तुमच्याकडे शिकायला आले.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं पहिला प्रश्न मला विचारला. 'बाई, तो मुतायला आली की तुम्हाला सांगतो काय? डावा हात वर करतोय बघा.'

मी दहा-बारा दिवस त्याला हात खाली घ्यायला लावत होते. तो रोज ओल्या चड्डीनं घरी जात होता आणि आई रात्री चुलीवर चड्डी वाळवत होती. शाळेत निरोप पाठवूनही ती का आली नाही, तेही मग सांगितलं. तिला वाटलं होतं, याच कारणावरून नाव काढायला बोलावतायत.

मी तिची माफी मागितली. मुलाचीही मागितली, तिथंच. तो हसला.

भाताचंही कळलं. सुटा भात त्याला गिळता येत नाही, घशात अडकतो. आई आमटीत कालवून मऊ करते, त्याला भिंतीला टेकवून ताठ बसवते, हनुवटी थोडी खाली घ्यायला लावते आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा देत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींना दाखवलं. आता मावशी त्याचं ताट आधी वाढतात आणि स्वतः कालवतात. ताटात काही राहत नाही. गिळण्याचं एकदा थेरपिस्टला दाखवायचंय, बीआयईआरटी मॅडम पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहेत.

बलस्थानांचा रकानाही आईनंच भरला. रस्त्यावरून बस गेली की आवाजावरून ती जांबोटीची की खानापूरची, हे तो दारात बसून सांगतो. आजीनं दोन्ही गाड्यांना दोन वेगळे आवाज ठरवलेत, तेच तो काढतो. मी वर्गात पडताळून बघितलं. सातपैकी सहा वेळा बरोबर आला. आता माझ्या वर्गात सकाळी कुठली बस आली हे फळ्यावर लिहितात, तो सांगतो आणि चौथीतली मुलगी लिहिते. त्याचं बोलणं पोरांना माझ्याआधी कळायला लागलं.

नट्टी (भाताची लावणी) संपली तसा गेल्या गुरुवारी आम्ही कागद केला. मराठीत, एक पान. आई सातवी शिकलेली आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिनं स्वतः वाचलं, बोट ठेवून. मी लिहिलं होतं, 'मुलाला लघवीची जाणीव सांगता यावी.' तिनं ती ओळ खोडायला लावली. म्हणाली, 'त्याला सांगता येतंय. बाईंना कळावं असं लिवा.' तसं लिहिलं.

तिची गोष्ट वेगळीच होती. वडील रविवारी गोव्याहून फोन करतात, तेव्हा मुलगा फोन कानाला लावून नुसता श्वास घेतो. वडील हॅलो हॅलो करतात आणि ठेवतात. त्याला फोनवर एक शब्द बोलता यावा, असं तिला हवंय. शब्द तिनंच निवडलाय, 'बाबा' नाही, 'ये'. सोमवारपासून रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं, माझा फोन त्याच्या कानाला आणि पलीकडे व्हरांड्यात चौथीतली मुलगी. आज 'ए' आलं.